चावीवाल्या मावशीचं नाक

४ जून

पाकीट आलं. पत्त्याचं अक्षर संपादकबाईंचं, आत पानं, त्यांवर पेन्सिल त्याची. म्हणजे काम चालूच राहणार! नवरा घर सोडून गेला तरी त्याची पानं माझ्याच टेबलावर येणार. त्याने पेन्सिलने काढायचं, मी त्यावर शाई करायची आणि शाई वाळली की खालची त्याची पेन्सिल रबराने पुसून टाकायची. लग्न झाल्यापासून हेच करतेय. आज रबर हातात घेतलं आणि नुसतीच बसून राहिले.

संपादकबाई फोनवर म्हणाल्या की मासिकातली चावीवाल्या मावशीची ही शेवटचीच चित्रकथा, दर आठवड्याला दोन पानं, तेवढी निभावून न्या. पानं त्यांच्यामार्फत जातील-येतील, आम्हाला एकमेकांचं तोंडही बघावं लागणार नाही. भल्या मनाने बोलल्या. मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि नळ मोठा सोडून रडले. आई बाहेरच्या खोलीत होती. तिला कळलंच असणार.

१२ जून

पेन्सिल केवढी हलकी! पूर्वी इतकी दाबून काढायचा की कागदाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तरी मावशी लागायची. आता फुंकर मारली तर उडून जाईल अशी रेष. प्रेमात पडलं की माणसाचा हात हलका होत असेल. माझ्याबरोबर होता तोवर दाबूनच काढलं की सगळं!

समासातही काही नाही. आधी काय काय लिहायचा — 'हा दरवाजा काळा कर, आणि उठतेसच तर चहा टाक.' आता जिथे काळं भरायचं तिथे नुसती फुली. बोलायचंच नाही म्हटल्यावर लिहील कशाला?

१८ जून

आज डोक्यात तिडीक गेली. अक्षर बघ कसं आलंय.

चावीवाली मावशी ही माझी आहे. म्हणजे मीच आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला गोष्टीतल्या बाईसाठी चेहरा सापडत नव्हता. कपाटाची किल्ली हरवली म्हणून मी केसातल्या आकड्याने कुलूप उघडत बसले होते, आणि हा समोर बसून माझंच चित्र काढत होता. बसकं नाक, जाड भुवया, हनुवटी जवळजवळ नाहीच. मी चिडले होते. तो म्हणाला होता, हे नाक मुलं विसरणार नाहीत. नाही विसरली! रस्त्यात मुलं माझ्याकडे वळून बघायची आणि आईचा पदर ओढायची.

आजच्या पानावर मावशीचं नाक सरळ, धारदार, चाफेकळी. एका चौकटीत चुकून नाही, सगळ्या चौकटींत.

कोणाचं ते मला ठाऊक आहे. तीन वर्षं आमच्या घरी शिकायला येत होती. त्याच्या शेजारी बसून भिंती, झाडं, गाड्या काढायची. त्याला 'सर' म्हणायची, मला 'ताई ताई' करायची. माझ्या हातचं जेवायची. पहिल्या दिवशी मीच कौतुकाने म्हटलं होतं, काय ग तुझं नाक, चाफेकळी नुसती! तेव्हापासून घरात तेच नाव पडलं. आता हा चाफेकळीच्या घरी राहतो.

घरात घेतलं, नवरा दिला. आता मावशीतही तिलाच बसवणार? नाही बसू देणार. पेन्सिलकडे न बघता मी शाईने माझं बसकं नाक काढलं, प्रत्येक चौकटीत. मग रबर असं घासलं की कागदाची सालं निघाली.

१९ जून

पानं पाठवली. शाई झाली की संपादकबाई त्याची झेरॉक्स त्याला पाठवतात, नेहमीची पद्धत आहे. बघू दे त्याला.

२७ जून

हूं नाही की चूं नाही. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडून काहीच तक्रार नाही. नवी पानं आली — पुन्हा चाफेकळी! हट्टी कुठला. मीही काही कमी नाही. पुन्हा सगळी नाकं बसवली.

आई चष्मा लावून बघायला आली. पेन्सिलचं नाक बघितलं, शाईचं बघितलं. म्हणाली, मला मेलीला दोन्ही सारखीच दिसतात. मी समजावून सांगायला गेले तर मध्येच म्हणाली,

"नाकासाठी एवढी भांडतेस. तो बॅग भरत होता तेव्हा एक शब्द बोलली नाहीस."

  खरंच बोलले नव्हते. त्याचे शर्ट घडी करून दिले होते.

४ जुलै

आता मानही लांब व्हायला लागली आहे. बसवली खाली.

खरं सांगू? पाकिटाची वाट बघते मी. आठवड्यातून एकदा आमचं भांडण होतं, आवाज न करता, कागदावर. तो काढतो, मी खोडते. लग्नात इतकं मन लावून कधी भांडलो नव्हतो. पाकीट यायच्या दिवशी मी सकाळी केस धुते. कोणासाठी ग, मूर्ख बाई!

आणि एक. त्याला खिडक्या कधीच धड काढता यायच्या नाहीत, त्या तो चाफेकळीकडूनच काढून घ्यायचा. आता खिडक्या किती सुरेख येताहेत. ती अजून त्याच्या शेजारी बसत असेल. बसू दे. मी त्या खिडक्यांना मुद्दाम जाड शाई लावली. क्षुद्र आहे मी. असू दे!

११ जुलै

आज राहवलं नाही. पहिल्या पानाच्या समासात लिहिलं — 'नाक!' एवढंच. खाली दोन रेघा मारल्या. झेरॉक्समध्ये दिसेल त्याला.

पाठवून टाकलं. वाटलं, आता काम सोडून देईल.

१८ जुलै

नाकाशी खोडलंय!

भिंग लावून बघितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा खोडून काढलंय. कागद तिथे लव आल्यासारखा झालाय. हा माणूस आयुष्यात कधी खोडत नसे. चुकलं तर चुकलं, पुढे चल, शाईवाली निस्तरेल! माझ्या एका शब्दावरून तो बसून खोडत होता. नाक अजून बरोबर नाही, पण तिचंही राहिलेलं नाही. मधलंच कुठलंतरी आहे.

दिवसभर ते नाक बघत होते. भाजी लागली तरी कळलं नाही. कढई आईने घासून टाकली.

२५ जुलै

जवळजवळ माझं.

१ ऑगस्ट

माझंच. नाक, भुवया, गायब हनुवटी, सगळं माझं. कुठेही दुरुस्ती करावी लागली नाही. त्याच्या रेषेवरून माझा ब्रश नुसता चालत गेला, पूर्वी जायचा तसा.

एका चौकटीत मावशी कुलपाला कान लावून ऐकते आहे. शाई वाळली, पण त्या चेहऱ्यावरची पेन्सिल पुसायला हात होईना. तशीच ठेवली. छपाईत थोडं काळपट येईल. येऊ दे.

तो परत येतोय. तोंडाने सांगायची त्याला कधीच सवय नव्हती. मला मागणीही त्याने चित्र काढूनच घातली होती. हे त्याचं सांगणंच आहे.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली की नाक काढलं म्हणजे माणूस आला असं होत नाही. मी ताडकन उठले. 

९ ऑगस्ट

ऑफिसात गेले होते. पानं पाठवता आली असती, पण स्वतःच घेऊन गेले. बाईंनी विचारलं, मावशी संपली की पुढे काय करणार? मला खूप दिवसांपासून एक गोष्ट सुचते आहे, ती सांगितली. बंद पडलेल्या सिनेमागृहात राहणाऱ्या दोघी म्हाताऱ्या जुळ्या बहिणी. दुपारी पडद्यासमोर बसून त्या स्वतःच सिनेमा रचतात — एक हिरो, एक व्हिलन — आणि शेवट कोणता करायचा यावरून भांडतात. बाई हसल्या. काढणार कोण, म्हणाल्या. मी म्हटलं, आम्ही दोघं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना विचारलंय का, म्हणाल्या.

"विचारायला कशाला हवं? दर आठवड्याला सांगतोच आहे तो."

 मग बाई म्हणाल्या, चार पानांचा नमुना करा, बघू. येताना मी नवा ब्रश घेतला. त्याच्यासाठी पेन्सिलीही घेतल्या, मऊ शिशाच्या. हल्ली तो हलक्या हाताने काढतो ना!

१७ ऑगस्ट

शेवटचं पान.

मावशी दुकानाचं शटर अर्धं ओढून पायरीवर बसली आहे आणि हसते आहे. इतक्या वर्षांत मावशी कधी अशी पोट धरून हसली नव्हती. हसताना तिचा डावा डोळा बारीक झालाय. माझा होतो तसा! फोटोत मी ओठ मिटून असते, म्हणून ते कुठल्याच फोटोत दिसत नाही. माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन जेवलेल्या माणसालाच ते माहीत असणार.

आईलाही दाखवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. म्हणाली, "हो ग. तूच आहेस." मग स्वयंपाकघरात गेली आणि उगाच डबे लावत बसली. तिचाही जीव टांगणीला लागलाय, नुसतं दाखवत नाही.

शाई केली. एवढ्या जिवापाड कधी केली नसेल. मग समासात लिहिलं — 'ये. बोलू आपण.' त्यालाच कळेल. आता कसली लाज? जे तेव्हा दारात उभं राहून बोलले नाही ते आता बोलेन. शर्ट घडी करून देणार नाही. थांब म्हणेन. एवढा एकच शब्द बोलायचा आहे, त्याला काय लागतं!

२१ ऑगस्ट

झेरॉक्स गेली असं बाईंनी कळवलं.

त्याचं टेबल पुसलं. दिवा लावून बघितला, लागतो. पेन्सिलींना टोक करून ठेवलं. आईने पलंगावर धुतलेली चादर घातली आणि देवळात जाते असं सांगून शेजारणीकडे जाऊन बसली.

कोणी आलं नाही.

२२ ऑगस्ट

आजही नाही. जिन्यात पाऊल वाजलं की दाराशी जाते. गॅसवाला होता.

२३ ऑगस्ट

बेल वाजली. दारात चाफेकळी.

आत यायला तयार नव्हती. उंबऱ्यातूनच म्हणाली, सर कुठल्याशा जाहिरातीच्या ऑफिसात लागलेत. इथून गेल्यापासून त्यांनी पेन्सिल हातात धरलेली नाही. मावशी बंद झाली म्हणून बाईंना कळवून टाक, असं तिला सांगून मोकळे झाले होते. तिने कळवलं नाही. तुमचंही काम बंद पडलं असतं ताई, म्हणाली. पहिल्या पानापासून सगळं तिनेच काढलं.

त्याने एक तरी पान बघितलं का, विचारलं. तिने मान हलवली. नाही.

मग हळूच म्हणाली, "माझ्या हातून सारखं माझंच नाक यायचं. तुम्ही दर वेळी नीट करून पाठवायचात. आणि आता 'ये' लिहिलंत. मला वाटलं, ताई अजून शिकवताहेत मला."