भाऊ पटत नाही

मंगळवार, ११ मार्च

चि. ठमी हिला अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्याविरुद्ध एक तक्रार आहे आणि ती रीतसर नोंदवावी म्हणून हा कागद पुढे ओढला. रविवारी मी फोन केला तेव्हा तू 'हॅलो' म्हणालीस. इतकी वर्षं 'बोल रे' म्हणत आलीस. 'हॅलो' हे विमा विकणाऱ्यांसाठी राखीव असतं. वर कडी म्हणजे 'तिकडे हवा कशी आहे' असंही विचारलंस. बहिणीने भावाला हवा विचारावी, हे कलियुगाच्या शेवटच्या चरणाचं लक्षण आहे, असं शास्त्र सांगतं. कोणतं शास्त्र ते विचारू नकोस, शोधून ठेवतो.

इकडे सर्व क्षेम. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. कथा विशेषांकाचं काम सुरू आहे. यंदा दोनशे बारा कथा आल्या, त्यांतल्या निम्म्यांत कुणीतरी खिडकीबाहेर बघत बसलेलं असतं. तुझी वहिनी परवा एक गठ्ठा चाळून म्हणाली, "या लोकांना कामंधामं नाहीत का? एकानेही दहा पानांत साधा भात लावलेला नाही." मी तिला हल्लीच्या कथेतल्या रिकाम्या जागांचं महत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, "रिकामी जागा ओट्यावर असेल तर सांगा, नाहीतर हा गठ्ठा उचला."

आमची पद्धत तुला ठाऊक आहेच. मीच चारचौघांत तिची फुशारकी मारत असतो. कथा आली की आमच्या लेखनिक बाई लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवतात आणि वर क्रमांक घालतात. मी फक्त कथा वाचायची, शेवटच्या ओळीपर्यंत. निर्णय झाला की पट्टी निघते. मागे तू म्हणाली होतीस, "नाव झाकतोस ना? मग मीही पाठवून बघते एकदा." मी हसलो होतो. तू पाठवशील असं वाटलं नव्हतं.

एकशे सतरा क्रमांकाची कथा तुझी होती, हे मला पट्टी निघाल्यावर कळलं.

वरचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही. इतरांची खोटी वाक्यं खोडण्यात माझा जन्म गेला, एक माझंही राहू दे.

चौथ्या पानावर ओळखलं मी. भावाला तू घड्याळजी केलंस, गाव बदललंस, आईला उंच केलंस. पण ती म्हातारी अर्ध्या गोळ्या चष्म्याच्या डबीत लपवते आणि औषध घेतलं म्हणून सांगते. आपल्या आईचं हे तू मला फोनवर सांगितलं होतंस. मी हसून म्हणालो होतो, "हुशार आहे म्हातारी," आणि फोन ठेवला होता, कारण छापखान्याचा माणूस समोर उभा होता. कथेतला तो भाऊ दर वेळी म्हणतो, "एवढं एक घड्याळ लावून देतो आणि निघतो." मी म्हणत होतो, "अंक निघाला की येतो." तू तीनदा बोलावलंस. अंक निघाला, आणि मी पोचलो तेव्हा तू तिच्या चादरी धुऊन वाळत घातल्या होत्यास. मला पाणी दिलंस.

नाकारलेल्या कथेसोबत मी एक शेरा लिहितो, तसा याही कथेवर लिहिला. अगदी थंड डोक्याने. 'भाषा स्वच्छ आहे. आई डोळ्यांपुढे उभी राहते. भाऊ मात्र पटत नाही. इतका कोरडा माणूस प्रत्यक्षात नसतो.' हा शेरा वाचून तुला काय वाटलं असेल, त्याची कल्पना करतो आणि अर्ध्यात थांबतो.

थांबायची एक संधी मिळाली होती. बाईंनी पट्टी काढली, नाव वाचलं आणि म्हणाल्या, "साहेब, या तुमच्या माहेरच्या दिसतात."

"पुरुषाला माहेर नसतं, बाई."

"म्हणूनच विचारलं. पाठवायचं ना पत्र?"

"नियम तो नियम," मी म्हणालो आणि सही केली. नियमाइतका सोयीचा आडोसा दुसरा नाही. लोक मला तत्त्वाचा माणूस म्हणतात.

ठमे, कथा चांगली होती. या वर्षातली सगळ्यांत चांगली. माझ्या अंकात ती घेता येणार नाही, पण इतर तीन संपादकांची नावं-पत्ते सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. त्यांना पाठव. माझ्या शेऱ्यामुळे लिहिणं थांबवू नकोस. भाऊ आहे तस्साच राहू दे, एक शब्दही मऊ करू नकोस.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते. कथा अकरा पानांची होती. नवव्या पानाच्या तळाशी आई मुलीला जवळ बोलावते आणि म्हणते, "तो आला, की त्याला सांग..." तिथे पान संपतं. मी ते उलटलं नाही. तसाच शेरा लिहिला आणि गठ्ठा बाईंकडे दिला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी कुणाची कथा परत करत नाही; आजवर एवढी एकच केली.

आता ती पानं तुझ्याकडे आहेत. आई गेल्यापासूनच्या या दोन वर्षांत तू मला जे सांगू शकली नाहीस ते त्यांत लिहून पाठवलं होतंस, आणि मी न वाचता परत केलं. तू कल्पनेनेच लिहिलं असशील, तर तसं कळव. पण आई खरोखर काही बोलली असेल, तर ते मला सांग. रागावून बोलली असेल तरी सांग. माझं नावच काढलं नसेल, तर तेही. मला भीती वाटते ती एवढीच, की आता तू हे मला कधीच सांगणार नाहीस, आणि माझ्यात विचारायचं धैर्य पुन्हा येणार नाही.

दादा