वाढत्या जमिनीचं स्थळ

दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातून, जहाजावरून
ता. ९ डिसेंबर

तीर्थरूप अप्पांना रुद्रेशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी खुशाल हाय. या कागदाचा फोटो जहाजाच्या ऑफिसातून येईल. साहेब लोक समुद्राच्या तळातून नळीनं चिखल काढतात, मी नळ्या धुऊन राहिलो. खाली एक लांबट खळगा हाय. तिथं जमीन दोन्हीकडं फाटून राहिली, वर्षाला नखभर. मधला भाग पायऱ्या-पायऱ्यांनी खचतो, फटीतून तापलेला दगड वर येऊन नवी जमीन होते. पुणं, हैदराबाद, सुरत, कुठल्याच कामावर टिकलो न्हाई. इथं तर तळच टिकत न्हाई.

तनुजाच्या घरी आमच्या लग्नाचं काय ठरलं? तिच्या वडलांना खरं तेच सांगा.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.
आपला रुद्रेश

निलंगा, ता. २ जानेवारी

चि. रुद्रेश यास संगप्पाचे अनेक आशीर्वाद.

तनुजाचे वडील बसलिंगप्पा येऊन गेले. खरं तेच सांगितलं. पोरगा जमिनीच्या कामावर हाय, जमीन दरसाल वाढती हाय. ते म्हणाले, घटलेल्या लई पाहिल्या, वाढती पहिल्यांदा ऐकतोय. बांध कोण सरकवतंय, विचारलं. आपण होऊन सरकतात म्हणालो. पाण्याची सोय विचारली. भरपूर, म्हणालो. सातबारा कुणाच्या नावे, ते मोघम ठेवलं.

आता हातात माती घेतल्याबिगर ते पोरगी देणार न्हाईत, रीतच हाय आपली. लोहा गावचं दुसरं स्थळ त्यांनी धरून ठेवलंय. मूठभर पाठव.

जिवाला जप.
संगप्पा

बंदरावरून, ता. ११ फेब्रुवारी

ती. अप्पांना शि. सा. न.

माती पोस्टानं धाडलीय. साहेबांची न्हाई, माझ्या बुटाला लागलेली. त्यातला खडा बर्फानं वाहून आणून टाकलेला. अप्पा, हे सगळं समुद्राखाली हाय, एवढं सांगाच. तनुजा न्हाई म्हणाली तर मी पुढच्या फेरीला परत जाईन, मग माझी वाट बघू नका.

राग आला तरी लोभ ठेवा.
रुद्रेश

निलंगा, ता. १६ मार्च

चि. रुद्रेश यास आशीर्वाद.

माती घेऊन त्यांच्या घरी गेलो. बसलिंगप्पांनी ती भिजवली, तळहातावर वळली, जिभेला लावली. खारपड हाय म्हणाले. मग मी समुद्राचं सांगितलं. रागावले न्हाईत. विचार करून म्हणाले, चर काढून पाणी उतरवलं तर दोन वर्षांत हरभरा येईल, पण तवर पोरगी थांबणार कशी? अन् लोह्याला फोन लावायला उठले.

तनुजा चहाचे कप उचलायला आली होती. हळूच म्हणाली, “मामा, जमीन राहू द्या. माणूस कधी येणार?”

निघालाय, म्हणालो. हे वाचलं की निघ.

आशीर्वाद आहेतच.
संगप्पा