वाक्यातल्या शब्दांची चौकट

मंगळवार, संध्याकाळ. शेवगाव.

आज धाकट्या जावेचा, अश्विनीचा, फार राग आला. अक्षरजुळणी तिला मीच शिकवली. कॉलेजच्या सरांचं कॉम्प्युटरचं पुस्तक आम्ही दोघी निम्मं निम्मं करतोय. मी कोड दिसला की मागे राखाडी चौकट टाकली, मग तो अख्खा प्रोग्राम असो नाहीतर वाक्यात आलेला कोडचा एखादा शब्द. तिनं चौकट फक्त प्रोग्रामला ठेवली. वाक्यातल्या शब्दाचा नुसता फॉन्ट बदलला.

सकाळी सरांनी दोघींची पानं शेजारी शेजारी धरली. तिचं उचलून म्हणाले, "हे लई सुटसुटीत हाय. त्या दुसऱ्याला ठिगळं लावल्यागत दिसतंय."

ठिगळं!

अश्विनी लगेच म्हणाली, "ताईंनीच शिकवलंय सगळं." ते तर जास्तच झोंबलं. मला का नाही सुचलं? एक साधी चौकट!

दुपारभर माझ्या वाक्यांमधल्या चौकटी काढत बसले. पानं खरंच मोकळी दिसायला लागली. ते बघून आणखीच जळफळाट.

मघाशी सरांचा फोन आला. अक्षरजुळणीला नाव कुणाचं छापायचं? अश्विनी माझ्याकडे बघत होती.

"दोघींचं," मी म्हणाले.

ती खुशीत चहा टाकायला आत गेली, तेव्हा फोनवर सरांना हळूच सांगितलं, "पण माझं आधी."