पिवळ्यातला पिवळा

ता. ३

चि. डॉक्टरीणबाईस,
आजीचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

पिवळ्या कापडाची मोठी ऑर्डर आलीय. रंगाच्या हौदाशी राबून कारखान्यात सगळ्यांचे हात पिवळे, माझे तर कोपरापर्यंत. कामावरच्या पोरी म्हणतात, आजी, डोळेही रंगवलेत का. म्हटलं, वाफ लागते, गप कामं करा. अंगाला खाज सुटलीय, तीही रंगाचीच. लघवी काळ्या चहासारखी होते. परवा बरगडीखाली अशी कळ आली की हातातली काठी हौदात पडली. खडे म्हणशील, तर पित्ताची पिशवी मागेच काढलीय. पिशवीच नाही तर खडे राहणार कुठे?

लहानपणी तू पिवळ्याचा अख्खा हौद नासवलास, तेव्हाच मी म्हटलं होतं, हिला रंगाची नजर नाही, हिला शाळेत घाला.

लोभ आहे, फार नाही.
आजी

ता. ६

ती. आजीस,
सा. न. वि. वि. माझा फोन तू मधेच ठेवलास, म्हणून हे पत्र बाबांच्या हाती देतेय. वाचून तशीच गाडीत बस.

रंगानं हात पिवळे होतात, डोळ्यांतला पांढरा भाग होत नाही. ही कावीळ आहे. पिशवी गेली तरी पित्ताची नळी जागेवरच असते. खडा तिच्यात अडकला असावा. पित्त तुंबून रक्तात उतरतंय, म्हणून खाज. त्यात थंडीताप आला तर जिवावर बेतेल. रक्त तपासू, नळीचा स्कॅन करू. खडा दिसला तर तोंडातून दुर्बीण घालून काढू, पोट फाडायचं नाही.

शिव्या इथे येऊन दे. लोभ असू दे.
तुझी नात

ता. १५

चि. डॉक्टरीणबाईस,
अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले.

तुझे मोठे डॉक्टर म्हणत होते, घरच्या माणसावर नातीनं हात चालवू नये. मी म्हटलं, माझ्या हौदात मी परक्याला काठी घालू देत नाही. शेवटी ते तुझ्या शेजारी उभे राहिले. नळीचं तोंड जरा कापून, बारीक जाळीत खडा धरून तू ओढलास, तुंबलेलं पित्त भळाभळा आलं आणि तुझा हात तसूभर हलला नाही, असं नर्स सांगत होती. मी म्हटलं, हलेल कसा, नात कुणाची. ती बिचारी गेली असती निघून, पण मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

खाज गेली. डोळे निवळले, पोरींनी उजेडात नेऊन पाहिले.

एवढ्या पिवळ्यात कुठला पिवळा रंगाचा नाही, हे तुला कागदावरून कळलं. मला आरशात कळलं नाही. रविवारी ये. तू हो म्हणशील तोच पिवळा गिऱ्हाइकाकडे जाईल. हौदाला मात्र हात लावायचा नाही.

लोभ होता तेवढाच आहे, वाढवायला जागा नाही.
आजी