पाच साक्षीदार आणि न ऐकलेले आकडे

सोमवार, ३ तारीख
लागले बाई एकदाची कामाला! वकीलबाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. खुर्ची करकरते, पण खिडकी ऐसपैस आहे. कारखान्याच्या आगीचे पाच साक्षीदार पाच ठिकाणी लपवलेत: ड्रायव्हर, कारकून, माळी, मास्तर आणि कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स, म्हणजे माझी धाकटी बहीण. त्यांचं आपसातलं बोलणं फक्त कुलूपबंद ग्रुप-मेलवर. प्रत्येकाची किल्ली, म्हणजे मेल उघडायचा संगणकी कोड, वेगळी. दर बुधवारी प्रत्येकजण बूथवरून फोन करणार, किल्लीचे चाळीस आकडे स्वतःच्या तोंडाने वाचणार, आणि मेलने आलेल्या किल्लीशी जुळले तरच मी त्याला ग्रुपात घ्यायचं, किल्ली बदलली तरी तेच. वकीलबाईंनी हे दोनदा बजावलं. धाकटीची राखण माझ्याकडे! मी जाम खूश.

बुधवार, ५ तारीख
चौघांचे फोन आले. धाकटीने आकडे पाढे म्हटल्यासारखे घडाघडा म्हटले आणि मधेच फिसकन हसली. ड्रायव्हरचा फोन नाही. विसरली असेल स्वारी.

गुरुवार, ६ तारीख
ड्रायव्हरची साधी, बिनकुलपाची मेल. लॅपटॉप बिघडला, ही नवी किल्ली, एकटा पडलोय, लवकर आत घ्या. बिचाऱ्याला पुढच्या बुधवारपर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं? घेतलं. लगेच त्याने सगळ्यांची चौकशी केली, कुठे आहात, नीट आहात ना. सगळे भरभरून लिहीत बसले. धाकटीने तर खिडकीसमोरच्या पाण्याच्या टाकीचीही टिंगल केली.

सोमवार, १० तारीख
आज उरलेल्या चौघांच्याही नव्या किल्ल्या. खबरदारी म्हणून बदला, असं ड्रायव्हरनेच सुचवलं म्हणे. वकीलबाई कोर्टात. मागे एकदा आकडे न ऐकता घेतलं, तेव्हा काय आभाळ कोसळलं? घेतल्या.

बुधवार, १२ तारीख
एकही फोन नाही. मेलवर मात्र सगळे मजेत. माळ्याला दोन ओळी लिहायचा कंटाळा, आता पानंच्या पानं लिहितो. त्याच्या मेल मी पुन्हा पुन्हा वाचतेय.

गुरुवार, १३ तारीख
पोलीस आले होते. ड्रायव्हर नाल्यात सापडला. मरून नऊ दिवस झाले.
नऊ. म्हणजे चार तारखेला. त्याची किल्ली मी सहाला घेतली.
वकीलबाईंनी पोलिसांना चौघांचे पत्ते दिले.
पोलीस उरलेल्या चारही खोल्यांवर जाऊन आले. रिकाम्या. चपला दाराशीच.
ड्रायव्हरची किल्ली काढून टाकली. पण बाकीच्या चारही ड्रायव्हरच्या नावाने लिहिणाऱ्याच्याच असतील, तर आत उरलंय कोण?

शुक्रवार, सकाळ
मेल चालूच. मास्तर माळ्याला जपून राहायला सांगतात. कारकून त्यावर थट्टा करतो. अरे, कोण बोलतंय कुणाशी —

शुक्रवार, दुपार
राहवलं नाही. धाकटीला विचारलं, लहानपणी आईचं घड्याळ कुणी फोडलं आणि कुठे पुरलं. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नाही.
उत्तर आलं. बरोबर.
ढसाढसा रडले. जिवंत आहे! आणि मग — म्हणजे तिच्याकडून कुणीतरी वदवून — काय काय करून वदवलं असेल —
माझ्यामुळे. माझ्या एका घाईमुळे.

शुक्रवार, चार वाजता
पुन्हा मेल. ताई, सुटलेय, तुझ्याकडेच येतेय, ऑफिसात एकटी आहेस ना?
कळतंय मला. सगळं कळतंय. पोलिसांना फोन लावला, निघालो म्हणाले — तरी हो लिहिलं. नाही लिहिलं असतं, तर तिची गरजच संपली असती त्यांना —
जिन्यात पावलं. तिचीच आहेत, ओळखते मी. अनवाणी.
पण तिच्या मागून —