आईची साक्ष

प्रिय दादा,

गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत मला पाहून तू अभिनंदनाचा फोन केलास, तेव्हा मला ती जाहिरात ठाऊकही नव्हती. नाटकातला माझा चेहरा उचलून कंपनीने तो एआयकडून बोलता केला होता. मी कोर्टात गेले. त्यांचा वकील म्हणाला, "हा चेहरा यंत्राने बनवलाय, बाईंचा नाहीच."

माझ्या वकीलबाईंनी आईला साक्षीला उभं केलं. मला धडकीच भरली. मी नाटकात गेले म्हणून तिने धरलेला अबोला तुला आठवत असेल.

"चेहरा माझ्या मुलीचाच," आई म्हणाली, "पण ती इतकं गोड कधीच बोलत नाही."

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. आई मात्र गंभीर होती. "चेहरा तिला मी दिला असेन, पण लोक तो ओळखतात ते तिने रंगमंचावर घाम गाळला म्हणून. तिला विचारल्याशिवाय तो कुणी वापरायचा नाही."

जाहिरात काढून टाकण्याचा हुकूम निघाला. बाहेर आल्यावर मी आईला मिठी मारली, तर म्हणाली, "पुरे. मी तुझं कौतुक केलं हे दादाला कळवू नकोस, जन्मभर चिडवेल मला."

मी शब्द दिलाय, त्यामुळे हे पत्र काही तुला मिळायचं नाही. पण लिहिल्यावाचून राहवलंही नाही.

तुझी, आणि आता आईचीही लाडकी,
धाकटी