तुझा झेंडा, सईचा गोल

प्रिय रणजित,

तू गेल्याला तीन वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. मनातल्या मनात भांडत होते, तेवढं पुरत होतं. पण गेल्या शनिवारी तुझा लाइन्समनचा झेंडा माझ्या हातात आला, सोमवारी आपल्या सईने तिचा निर्णय कळवला, आणि आता हे सगळं तुला सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपली लेक जिंकली रे! नुसती मॅच नव्हे. पण क्रमाने सांगते, नाहीतर म्हणशील, ही पुण्याची माणसं गोष्ट शेवटाकडून सुरू करतात.

तू गेलास तेव्हा सई शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. रडत रडत परीक्षा दिली तिने, आणि मग जिद्दीने इथे हॉलंडमध्येच, युट्रेख्टला पशुवैद्यकीयला प्रवेश मिळवला. आता तिसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थिनींच्या संघातून फुटबॉल खेळते, अजून पुढच्याच फळीत. तिच्याच वर्गातली फेम्के गोलकीपर. दोघी एकाच घरात राहतात, एकमेकींचे मोजे घालतात आणि त्यावरून भांडतात.

तीन आठवड्यांपूर्वी उत्तरेकडच्या एका व्यावसायिक क्लबने या दोघींना चाचणीसाठी बोलावलं. दोघींचीही निवड झाली! दोन वर्षांचा करार. पण सराव रोज दिवसा, आणि इथून दोन तासांवर. म्हणजे शिक्षण सोडायचं. एकदा सोडलं की पुन्हा प्रवेशाच्या रांगेत शेवटी उभं राहायचं, नंबर लागेल की नाही याची खात्री नाही. उत्तर सोमवारी दुपारपर्यंत द्यायचं होतं.

माझं मत तुला विचारायची गरजच नाही. एका धडकेत गुडघा जातो, मग काय करणार? डॉक्टरकी हातची सोडून चेंडूमागे धावायचं? मी हे तिला म्हटलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असतं, असं तूच म्हणायचास.

आदल्या रविवारी ती घरी आली होती. धुण्याची पिशवी घेऊन, अर्थातच. तीन थालीपिठं खाल्ली आणि म्हणाली, "आई, आय थिंक मी नाही जाणार. बाबांनी पण तेच केलं ना? ही चोझ द डिग्री. आणि ही वॉज हॅपी."

तेवढ्यात घरावरून विमान गेलं. विमानतळाशेजारच्या आपल्या बाडहूव्हडॉर्पची सवय तुला ठाऊक आहे, विमान आलं की वाक्य अर्ध्यावर थांबवायचं आणि ते गेलं की पुढे बोलायचं. मी थांबले. विमान गेलं. आणि मी म्हटलं, "दही वाढू का आणखी?"

कळतंय ना तुला, मी काय केलं?

तू डिग्री निवडली नव्हतीस, रणजित. कोल्हापुरात कॉलेजकडून खेळताना तुला मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने बोलावलं होतं. ते पत्र आबांच्या हातात पडलं आणि त्यांनी परस्पर "मुलगा इंजिनिअरिंग करणार आहे, येणार नाही" असं कळवून टाकलं. तुला कळलं आठ वर्षांनी, कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत, तुझ्या जुन्या कोचच्या तोंडून. हे तू मला एकदाच सांगितलंस, कालव्याकाठी फिरताना. "मी नाही म्हटलंच नाही गं. माझ्या वतीनं म्हटलं गेलं," एवढंच बोललास आणि बदकांना पाव टाकत राहिलास.

आणि सईला मात्र आयुष्यभर सांगत आलास, "मी डिग्री निवडली, लई शाणपणा केला." का? तिने आजोबांना नावं ठेवू नयेत म्हणून, हे मला कळतं. पण जगाला खरं दाखवत फिरणारा माणूस तू! घरात एवढी मोठी थाप मारून ठेवलीस आणि ती निस्तरायला मला मागे ठेवलंस. याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

खरं सांगू? मला ती थाप आवडत होती. त्या रविवारी तर फारच आवडली. मी काहीही न बोलता आपली मुलगी कॉलेजात राहणार होती. आबांना निदान पोस्टाचं तिकीट तरी लावावं लागलं, मला दही वाढून भागलं.

आता शनिवार. युट्रेख्टला मोसमातली शेवटची मॅच होती, मी गाडी घेऊन पाहायला गेले. सुरू व्हायला दहा मिनिटं असताना कळलं, यांच्या लाइन्समनला ताप आलाय. इथली पद्धत आपल्याला पाठ आहे, दोन्ही संघांनी आपापला माणूस झेंडा घेऊन रेषेवर उभा करायचा. कोच कडेला उभ्या असलेल्या आम्हा लोकांना विचारायला लागला, ऑफसाइड कोणाला कळतं का? सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

आणि मी हात वर केला!

हसू नकोस. मला कळतं. तू मटार सोलता सोलता ओट्यावर दाणे मांडून शिकवायचास ना, हा बचाव, हा चेंडू, पास होतो त्या क्षणी आपला दाणा बचावाच्या पुढे असला की ऑफसाइड, झेंडा वर, गोल रद्द. मी तुझा बचाव उचलून फोडणीत टाकायचे, पण ऐकत होते. तुझा झेंडाही डिकीतच होता, जॅकशेजारी, मुठीला तू गुंडाळलेल्या काळ्या चिकटपट्टीसकट. तीन वर्षांत मी तो तिथून हलवला नव्हता.

"आई, नो! प्लीज, नो!" सई मैदानातून ओरडली. तिला काय आठवलं असेल ते मलाही आठवलं.

ती तेरा वर्षांची असताना गावच्या क्लबची ती मॅच. शेवटच्या मिनिटाला तिने गोल मारला आणि रेषेवरच्या तिच्या सख्ख्या बापाने झेंडा वर केला! इथे सगळे बाबा आपल्या मुलींच्या वेळी डोळेझाक करतात, ते जवळजवळ ठरलेलंच असतं. तू एकटा शहाणा. आपण हरलो. आणि मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले, "एवढं खरं कोणी मागितलं होतं तुझ्याकडे?" मराठीत ओरडले, पण तिथल्या एकूण एक डच माणसाला अर्थ कळला. तू म्हणालास, "दिसलं ते दाखवलं, बास." सई तुझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने आपण होऊन तुझा झेंडा तुझ्या पिशवीत ठेवला. मी मात्र त्या ओरडण्याबद्दल तुझी कधीच माफी मागितली नाही. आज मागते.

तर मी झेंडा घेतला आणि लाल कोटात, रेषेवरून तिरकी तिरकी धावू लागले. खेकडीच! पण चुकले नाही हं. पूर्वार्धात त्यांनी एक गोल केला, आपण एक केला. मग उत्तरार्धात मधून एक सुंदर पास आला, सई निसटली आणि चेंडू जाळ्यात! मुली तिच्या अंगावर उड्या मारत होत्या, आणि माझा हात वर होता.

पास झाला तेव्हा ती एक पाऊल पुढे होती रे. मला स्वच्छ दिसलं. मटाराच्या दाण्याएवढं स्वच्छ.

रेफ्रीने शिट्टी मारली. सईने माझ्याकडे तशीच नजर टाकली, तेरा वर्षांची असताना तुझ्याकडे टाकली होती तशी. मागून कोणीतरी आजोबा डचमध्ये म्हणाले, "मेव्राउ, अहो बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

त्या प्रश्नाने मी हलले. एवढ्या लोकांसमोर मला खरं दाखवता येतं, आणि स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर एक वाक्य बोलता येत नाही?

शेवटची दोन मिनिटं. फेम्केने एक जोरदार फटका अडवला, उठून चेंडू लांब फेकला, मधल्या मुलीने तो पुढे दिला आणि सई धावली. या वेळी ती बचावाच्या मागून निघाली, अगदी वेळेवर. मी तिच्या बरोबरीने रेषेवरून पळत होते, पन्नाशीची बाई, धापा टाकत. तिने डाव्या पायाने मारला. तुझ्याच पायाने मारला म्हण. गोल!

आणि रणजित, तिने जाळ्याकडे पाहिलं नाही, रेफ्रीकडे पाहिलं नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. झेंडा खाली होता.

मग ती जी किंचाळली! मला इतका आनंद झाला की दोन्ही हात वर करून नाचावंसं वाटलं, आणि करता येईना! हात वर गेला असता तर रेफ्रीने गोल रद्द केला असता. सगळं मैदान उड्या मारत होतं आणि मी झेंडा गुडघ्याला घट्ट दाबून, डोळ्यांतून पाणी गाळत ताठ उभी. तुला असं किती वेळा उभं राहावं लागलं असेल? मला वाटायचं, या माणसाला लेकीच्या गोलाचं काहीच कसं वाटत नाही!

मॅचनंतर ती बाकावर बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आबांचं पत्र, पंगत, कालवा. माझं दहीसुद्धा.

तिचा हात नाडीवरच थांबला. "सो ही नेव्हर चोझ?"

"नाही."

"आणि तू मला बोलू दिलंस. मी सगळ्यांना तेच सांगत होते, आई! फेम्केला, कोचला."

"हो. चुकले मी."

"मग आता का सांगतेस?"

"दिसलं ते दाखवलं, बास," मी म्हटलं. तुझं वाक्य माझ्या तोंडून ऐकून तिला एकदम हसू फुटलं, आणि मग रडूही. घामेजलेलं डोकं तिने माझ्या खांद्यावर ठेवलं.

थोड्या वेळाने म्हणाली, "बट तुला काय वाटतं? जाऊ?"

"मला वाटतं, जाऊ नकोस. मला भीती वाटते. पण ते माझं झालं. तुझं तू ठरव आणि मग मागे बघू नकोस."

सोमवारी सकाळी फोन आला. "आई, मी येस म्हटलं. बाबांसाठी नाही हं, प्लीज तसं समजू नकोस. मला जायचंय. मला बघायचंय मी किती चांगली आहे." काय आवाज होता तिचा! मी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये उभी होते, टेस्टिंगची मीटिंग सुरू व्हायची होती, आणि मी मोठ्याने "शाब्बास!" ओरडले. दोघं तिघं दचकून बाहेर आले.

आणि फेम्केने नाही म्हटलं, तितक्याच आनंदाने! तिला गायींची डॉक्टर व्हायचंय, लहानपणापासून तेच, आणि त्या क्लबला नकार कळवताना ती शिट्टी वाजवत होती म्हणे. मग दोघी मिळून रडल्या आणि तळलेले बटाटे खायला गेल्या. सईने तिची सगळी पुस्तकं फेम्केच्या कपाटात ठेवली आहेत. परत आली तर तिथूनच घेईल.

भीती गेली नाहीये माझी. गुडघ्याचं स्वप्न परवाच पडलं. पण दोन मुलींना विचारलं गेलं आणि दोघींनी आपापल्या तोंडाने उत्तर दिलं. तुला एकदा तरी असं विचारायला हवं होतं रे!

आता वचन. सईच्या नव्या क्लबात रेषेवर पगारी माणसं असतात, आयांना तिथे कोण उभं करणार? म्हणून बुधवारी मी आपल्या गावच्या क्लबात गेले आणि अकरा वर्षांच्या मुलींच्या संघासाठी नाव देऊन आले. यापुढे दर शनिवारी सकाळी तुझा झेंडा माझ्या हातात असेल. मुठीवरची चिकटपट्टी बदलणार नाही. दिसेल तेच दाखवीन, मैदानावर आणि घरातही, मला न आवडणारं असलं तरी.

आणि सई तिथे पहिला गोल मारेल ना, तेव्हा मी प्रेक्षकांत असेन. हात मोकळे असतील. दोन्ही वर करीन बघ, एक माझा आणि एक तुझा.

तुझीच,
मेधा